हजारो वर्षांपूर्वीचे पूर्वज कुठले होते हे कळण्यासाठी कुठल्या कंपनीची डीएनए चाचणी करावी?

तुमचा प्रश्न असा की दहा-वीस हजार वर्षांमागचं मूळ शोधायचं असेल तर कुठलं किट घ्यावं, आणि निकालावर विश्वास ठेवावा का. कंपन्यांकडे येतेच, पण आधी एक सांगते: घरात सर्वांत वयस्क कोण आहे ते बघा आणि चाचणी त्यांची करा. मला हे उशिरा उमगलं. तोवर माझे वडील गेले होते.

मी स्वतःची जी पहिली चाचणी केली ती लाळेची. निकालात टक्केवारी आणि रंगवलेला नकाशा आला. वर्षभराने पाहिलं तर त्याच लाळेची टक्केवारी बदललेली! तेव्हा फार चिडले होते, पण ती लबाडी नव्हती. कंपनी तुमचे डीएनएचे तुकडे आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते. नमुने वाढले की उत्तर बदलतं. शिवाय ही टक्केवारी मुख्यतः गेल्या काही शतकांबद्दलच बोलते. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा होतात १,०२४, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा तुमच्यात शिल्लक नसतो.

खूप मागे नेणारे धागे दोनच. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि त्याचा बहुतेक भाग सरमिसळ न होता तसाच उतरतो. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांचा, डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे देतात फक्त मुली. तो जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. नकलताना क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या वंशजांत राहतो. या बदलांवरून झाड रचतात, त्याच्या फांदीला हॅप्लोग्रुप म्हणतात. आफ्रिकेबाहेरच्या मूळच्या सगळ्या मातृवंशांचं मूळ एल३ या आफ्रिकी शाखेत जातं. तिच्या एम आणि एन या फांद्या साधारण साठ-सत्तर हजार वर्षांमागच्या. टक्केवारीतून हे कधीच दिसलं नसतं.

आता माझी अडचण. मी बाई, माझ्यात वाय नाही. भाऊ नाही. वडिलांचा वंश वाचायचा तर उरले फक्त काका, वय ८१, आणि त्यांना दोन्ही मुलीच. म्हणजे आमच्या आजोबांचा हा धागा काकांपाशी संपणार. आणखी एक गोष्ट कागदावर वंशावळ काढताना लक्षात आली. काकांमध्ये माझ्या आजीचाही मातृवंश आहे, जो माझ्यात नाही, कारण वडिलांकडून तो उतरतच नाही. एका माणसाच्या गालातून आजोबा आणि आजी, दोघांच्याही वाटा मिळणार होत्या.

काकांनी एकच विचारलं, "यातून घरातलं भलतंच काही निघालं तर?" मी खरं ते सांगितलं: निघू शकतं. जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी येते, आणि कुणाचा बाप कोण हे अनेक घरांत असंच उघड झालंय. त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "जे येईल ते आधी मला दाखवायचं." गालाच्या आत ब्रश फिरवताना ते मनात सेकंद मोजत होते आणि मला बोटांनी दाखवत होते. निकाल आला तो दोघांनी शेजारी बसून वाचला. त्यांच्या शाखेतल्या सगळ्या पुरुषांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा निघाला, आणि त्या आकड्यात पुढेमागे शेकडो वर्षांची तफावत धरावीच लागते. त्या फांदीला ना भाषा आहे, ना धर्म, ना जात. कुणी तसं सांगून किट विकत असेल तर घेऊ नका.

आता कंपन्या. अँसेस्ट्रीची चाचणी जवळच्या नात्यांसाठी चांगली, पण ती हॅप्लोग्रुप देत नाही. ट्वेंटीथ्री अँड मी आणि लिव्हिंग डीएनए देतात, मात्र ठरावीक खुणा तपासून, त्यामुळे फांदी ढोबळ कळते. खोलात जायचं तर फॅमिली ट्री डीएनए या कंपनीची बिग वाय-७०० (वाय गुणसूत्र खोलात वाचणारी चाचणी) आणि मायटोकाँड्रियाचं संपूर्ण वाचन. ती महाग आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सामान्य माणसाच्या नमुन्याने केवढं घडू शकतं याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण याच कंपनीचं. दक्षिण कॅरोलिनात मुळं असलेल्या एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबाचा वाय नमुना आला आणि तो तेव्हाच्या झाडात कुठेच बसेना. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला. २०१३ मध्ये ए०० ही नवी शाखा जाहीर झाली आणि साऱ्या पुरुषांच्या झाडाचं मूळच मागे सरकलं. आधी ३,३८,००० वर्षं असा अंदाज होता, पुढच्या अभ्यासांनी तो दोन-अडीच लाखांच्या आसपास आणला. तीच शाखा कॅमेरूनमधल्या म्बो लोकांतही सापडली. गुलामगिरीत ज्या घराचं मूळ गाव पुसलं गेलं, त्या घराला या धाग्याने निदान त्या भागाची दिशा दाखवली.

आणि निकाल हाती आला की कच्च्या डेटाची फाइल लगेच उतरवून घ्या. नॅशनल जिओग्राफिकचा जिनोग्राफिक प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये किटविक्री थांबली आणि पुढच्या वर्षी निकालांचं संकेतस्थळही बंद झालं. ट्वेंटीथ्री अँड मीमधून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना जपून ठेवायचा की नष्ट करायचा हे विचारतात, तिथे घाईने खूण करू नका. काकांनी जपून ठेवायला सांगितलं. फाइलच्या प्रती माझ्याकडे आणि दोन्ही चुलतबहिणींकडे आहेत.