ठाण्यातल्या जुन्या टॉकीजचा इतिहास नोंदवायचा तर कागद कुठे शोधायचे आणि इमारतीत काय टिपायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या जुन्या एकपडदा टॉकीजचा इतिहास लिहून ठेवायचा आहे, पण थिएटर कधी सुरू झालं याचं साल प्रत्येक जण वेगळं सांगतो. खात्रीचे कागद कुठे मिळतील, आणि इमारत अजून उभी असेल तर तिच्यात काय बघायचं?

साल वेगवेगळं येतं ते केवळ लोक विसरतात म्हणून नाही. एका थिएटरच्या सुरुवाती पाच-सहा असतात. जागेला ना हरकत मिळाली तो दिवस, कोनशिला, पहिला परवाना, पहिला खेळ, मालक बदलून नवं नाव लागलं तो दिवस, मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं तो दिवस. मालकाच्या घरचे कोनशिलेचं साल सांगतात, डोअरकीपर स्वतः कामाला लागला तिथून मोजतो, आणि प्रेक्षकाला त्याने पाहिलेला पहिला सिनेमा आठवतो. तिघंही खरं बोलत असतात. म्हणून वहीत 'सुरू झाले' असा एकच रकाना ठेवूच नका. तीन रकाने करा: तारीख, ती कशाची, आणि कुठल्या कागदावरून किंवा कोणाच्या तोंडून मिळाली. दोन तारखा भांडत असतील तर भांडू द्या, दोन्ही लिहा.

शोध नावाने नको, जागेने करा. नावं बदलतात, आणि इमारत पाडली तरी स्टॉपला नाव तसंच चिकटून राहतं. एसटीचा वंदना डेपो रोज वापरणाऱ्या किती जणांना त्या नावामागचं थिएटर ठाऊक असेल? कोपरीतलं आनंद, नौपाड्यातलं मल्हार, कोलबाडचं प्रताप, स्टेशनजवळचं अशोक, शिवाय प्रभात, गणेश: प्रत्येकाचा सिटी सर्व्हे नंबर आधी काढा. तो मिळाला की मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापन कार्यालयातून किंवा भूमी अभिलेख विभागाच्या साइटवरून निघते. पत्रिकेवरचं क्षेत्रफळ आणि आजच्या धारकाचं नाव बघून थांबू नका, खालचा फेरफारांचा तक्ता ओळीने वाचा. खरेदी, वारस, भाडेपट्टा, बोजा, सगळं तारखेसकट असतं. बँकेचा किंवा वित्त संस्थेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढलेला दिसला, तर त्या सुमारास नवी मशिनरी, एसी किंवा नूतनीकरण झालं होतं का, हे इतर कागदांत शोधा. बोजा हा पुरावा नव्हे, पण शोधायची दिशा मिळते. सिटी सर्व्हे होण्याआधीचा काळ हवा असेल तर जुना सातबारा आणि बिनशेतीचा आदेश.

इथे एक सावधगिरी. ठाण्यात या जागांना आज सोन्याचा भाव आहे, आणि बऱ्याच ठिकाणी वारसांचे वाद किंवा पुनर्विकासाची बोलणी चालू असतात. पहिल्याच भेटीत मिळकत पत्रिका हातात घेऊन गेलात, तर मालकाच्या लेखी तुम्ही बिल्डरचे तरी माणूस नाहीतर दुसऱ्या वारसाचे. पत्रिका घरी ठेवा. मशीन, पोस्टरं, जुने खेळ यांबद्दल विचारा, मालकीबद्दल चकार शब्द नको.

सगळ्यात दमदार कागद म्हणजे परवान्याची फाइल. सिनेमा दाखवायच्या जागेला परवाना लागतो हे १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून आहे. आपल्याकडे पुढे १९५३ चा मुंबई सिनेमा (विनियमन) कायदा आणि १९६६ चे महाराष्ट्राचे नियम आले. परवाना देणारा अधिकारी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर. पोलिस आयुक्तालय असेल तिथे पोलिस आयुक्त. ठाण्याचं आयुक्तालय १९८१ चं, त्यामुळे त्याआधीची फाइल कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि नंतरची आयुक्तालयात असं गृहीत धरून दोन्हीकडे अर्ज करा. फाइलमध्ये आसनांचा नकाशा, वर्गवार आसनसंख्या, सार्वजनिक बांधकाम खात्याचा इमारतीबद्दलचा दाखला, विद्युत निरीक्षकाचा दाखला आणि नूतनीकरणाचे शेरे सापडतात. दिल्लीतल्या उपहार थिएटरला १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ माणसं गेली. त्यानंतरच्या काळातले अग्निशमन तपासणीचे कागद मुद्दाम मागा, दारं, जिने आणि बाहेर पडायच्या वाटा त्यांत तपशिलाने येतात.

करमणूक शुल्काच्या फाइली वेगळ्या. हा कर १९२३ च्या कायद्याने आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. वसुली कलेक्टरकडे होती, त्यामुळे तिकिटांचे दर आणि कराच्या कटकटी तिथल्या कागदांत दिसतात. थिएटरच्या ऑफिसात डीसीआरची, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या पत्रकांची, गठ्ठी मिळाली तर ती सोडू नका. वर्ग, दर, तिकिटांचा पहिला आणि शेवटचा नंबर, विकलेली तिकिटं, कर, निव्वळ रक्कम, सगळं एका पानावर. दरवाढ नेमकी कोणत्या शुक्रवारी झाली आणि कोणता वर्ग कधी बंद पडला, हे यातून जसं कळतं तसं कुठल्याही मुलाखतीतून कळत नाही.

कागद मागायचे ते माहितीच्या अधिकारात. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. लोक चुकतात ते इथेच: 'ठाण्यातील सर्व चित्रपटगृहांची आजपर्यंतची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहितात आणि 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर घेऊन बसतात. एक थिएटर, एक जागा, सिटी सर्व्हे नंबर, सालांची मर्यादा, आणि 'परवाना धारिकेची पाहणी करू द्यावी' असं लिहा. प्रती मागण्यापेक्षा पाहणी मागितलेली बरी, कारण फाइलमध्ये काय आहे हे मागणाऱ्यालाही माहीत नसतं. उत्तराची मुदत ३० दिवस. 'आमच्याकडे नाही' म्हणाले तर कलम ६(३) प्रमाणे योग्य कार्यालयाकडे अर्ज पाठवणं त्यांचं काम आहे. वीस वर्षांहून जुन्या बाबींना माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं कलम ८(३) मुळे लागू पडत नाहीत, हे अर्जातच लिहून टाका. 'नष्ट केली' असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या यादीची प्रत मागा. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायमचे, 'ब' ३० वर्षांचे. यादी दाखवता आली नाही की फाइल कधीकधी सापडते.

महापालिकेकडे (१ ऑक्टोबर १९८२ पूर्वी नगरपालिका) मालमत्ता कराच्या आकारणी नोंदवह्या आणि बांधकाम परवानगीचे नकाशे. आकारणी वहीत इमारत पहिल्यांदा कोणत्या वर्षी आली हे बघा, म्हणजे इमारत त्या वर्षानंतरची नाही एवढं पक्कं होतं. स्वातंत्र्यापूर्वीच्या सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख खातं. संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा.

लोक विसरतात तो कागद म्हणजे कोर्टाचा निकाल. थिएटरांच्या भाडेपट्ट्याची, भागीदारीची, कराची भांडणं हायकोर्टापर्यंत जात, आणि निकालाच्या पहिल्या काही पानांत न्यायाधीश सगळी हकीकत तारीखवार मांडतात. हे निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजीत शोधताना ठाण्याचं जुनं स्पेलिंग, टी-एच-ए-एन-ए, टाकायला विसरू नका. बरेच निकाल त्यामुळेच हाती लागत नाहीत.

वर्तमानपत्रांसाठी आधी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ चं. 'सन्मित्र', 'ठाणे वैभव' यांचे कुठले बांधीव अंक आहेत ते आधी विचारून घ्या. मग मुंबईची पत्रं: 'लोकसत्ता' १९४८ पासून, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून. सरसकट पानं उलटू नका, आयुष्य जाईल. दर पाच वर्षांनी दिवाळीच्या आठवड्यातल्या सिनेमाच्या जाहिराती बघा. नाव १९६० ला नाही आणि १९६५ ला आहे, तर मधलं वर्ष बघा, मग महिना, मग शुक्रवार. उपनगरातली थिएटरं मोठ्या जाहिरातीच्या तळाशी बारीक टाइपात असतात, आणि ती ओळ नेमकी बांधणीत अडकते किंवा कापली जाते. नाव दिसलं नाही म्हणजे थिएटर बंद होतं असं मात्र नाही. मुंबईत चालून गेलेला सिनेमा मागाहून लागला असेल तर जाहिरात फक्त भिंतीवर असायची. फोटो काढताना पहिल्या फोटोत तारखेसकट पत्राचं नाव, दुसऱ्यात जाहिरात. नुसत्या कात्रणाचा फोटो पुढे कोणी मानत नाही.

आता इमारत. लेखी परवानगी घ्या, दिवसा जा, एकटे जाऊ नका. बंद थिएटरमध्ये कबुतरांच्या विष्ठेची धूळ असते आणि जुन्या छतात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात. एन-९५ मास्क लावा, काही उचकटू नका. बाल्कनीच्या लाकडी पायऱ्यांवर वजन टाकण्याआधी खालून बघून घ्या. वायर बंद आहे असं कधीच धरू नका.

वेळ कमी असेल तर थेट प्रोजेक्शन रूम गाठा. पुढच्या भिंतीतल्या चौकोनी खिडक्या मोजा. एका मशीनला दोन: एकीतून झोत जायचा, दुसरीतून ऑपरेटर बघायचा. एखादी जादा असेल तर ती बहुधा जाहिरातींच्या काचेच्या स्लाइडसाठी. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे २००० फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. खंड न पाडता खेळ चालवायला दोन मशीनं लागत. खिडक्या एकाच मशीनपुरत्या असतील तर रिळागणिक थांबावं लागत असणार, हे लिहून ठेवा. खिडक्यांवर खाचेत सरकणाऱ्या लोखंडी झडपा दिसल्या तर त्या आगीसाठी: जुनी नायट्रेट फिल्म भडकायची, १९५० च्या सुमारास सेफ्टी फिल्म आली, पण झडपा पुढेही नियमाने राहिल्या. म्हणून केवळ झडपांवरून काळ ठरवू नका. छतातून वर जाणारी धुराची नळी कार्बन आर्कची, म्हणजे कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पाडून उजेड देणाऱ्या जुन्या दिव्याची. शेजारच्या खोलीत रेक्टिफायरचा, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्राचा, चौथरा असतो, कारण आर्कला डीसी वीज लागते. कोपऱ्यात तांब्याचा मुलामा असलेले पेन्सिलीएवढे काळे तुकडे पडलेले असतील, ते उरलेले कार्बन. मशीन भंगारात गेलं असलं तरी फरशीतल्या बोल्टांची भोकं मोजपट्टीसह टिपा आणि नेमप्लेट शोधा. मेक आणि सिरियल नंबर मिळाला की मशीनचा काळ काढता येतो.

हॉलमध्ये पडद्यामागची मूळ चौकट मोजा. रुंदी भागिले उंची १.३७ च्या आसपास आली आणि पुढे रुंद पडदा वेगळा टांगलेला असेल, तर हॉल बहुधा सिनेमास्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाच्या, आधीचा, म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा, आणि पडदा नंतर पुढे आणलेला. पडद्यामागे खोल रंगमंच, विंगा, मेकअपची खोली असेल तर तिथे आधी नाटकं होत होती का ते तपासा. खुर्च्या काढलेल्या असल्या तरी पायांची भोकं ओळीने मोजता येतात. तो आकडा परवान्यातल्या नकाशाशी ताडून बघा. कोनशिलेवर रंगाचे थर चढले असतील तर खरवडू नका. संध्याकाळी टॉर्च अगदी भिंतीला लावून बाजूने उजेड पाडा, प्रत्येक बाजूने एक फोटो घ्या, अक्षरं उठून येतात.

मुलाखतीत 'कोणत्या साली?' हा प्रश्न टाळा, त्याने माणूस अंदाज ठोकतो. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर (डिसेंबर १९६७), १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआउटला शेवटचा खेळ कसा सोडला, १९७४ च्या रेल्वे संपात रिळांच्या पेट्या कशा आल्या, २६ जुलै २००५ ला हॉलमध्ये पाणी कुठवर होतं, असं विचारा. कामाबद्दल विचारा: पेटी कोण आणायचं, एकच प्रिंट दोन थिएटरांत फिरवायची वेळ आली तर रीळ कोण पळवायचं, हाउसफुल्लला ब्लॅकचा दर काय. मालकापेक्षा ऑपरेटर आणि बुकिंग क्लार्क यांच्याकडे माहिती जास्त, आणि मुलाखतीला ते शेवटी येतात हे उलटं आहे. फोन फ्लाइट मोडवर, रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, पंखा बंद.

नवी मुंबईत उतरलात तर खेळ वेगळा. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, त्यामुळे वाशीच्या मेघराजसारख्या थिएटरसाठी आधी सिडकोचा भूखंड वाटप आणि भाडेपट्ट्याचा कागद बघा, सिडकोचे भाडेपट्टे साधारण ६० वर्षांचे. पनवेलसाठी ठाण्याच्या कचेरीत खेटे घालू नका. तो कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड, कलेक्टर अलिबागला.

जमवलेल्या वस्तूंपैकी तिकिटं दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआयला स्कॅन करा. थर्मल कागदाची नवी तिकिटं आधी, त्यांवरची अक्षरं उडून जातात. पोस्टरांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. मूळ वस्तू मालकाला परत, तुमच्याकडे फक्त स्कॅन. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आणि इंटरनेटवर टाकण्याआधी पगारपत्रकातले पत्ते, फोन नंबर, सह्या झाका. कामगारांची कुटुंबं अजून त्याच गल्ल्यांत राहतात.