पुण्याहून फक्त गड्डा यात्रा बघायला सोलापूरला यावं का? एकच दिवस असेल तर कुठला?

या की ओ, बिनधास्त या. गड्डा यात्रा म्हणजे आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा. फक्त पाळण्यात बसायला येऊ नका. बाहेरगावचे बरेच जण संध्याकाळी जत्रेच्या होम मैदानावर येतात, पाळण्यात बसतात, भजी खातात आणि झाली म्हणे गड्डा यात्रा. पाळणे काय कुठल्याही जत्रेत असतात, त्यासाठी अडीचशे किलोमीटर कशाला यायचं.

हे मुळात लग्न आहे. बाराव्या शतकात एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करणार म्हणून हट्ट धरला, ते पडले योगी, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली अशी कथा आहे, आणि ते लग्न दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, साक्षीनं परत लागतं. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता, मग होम, शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा विधी.

एकच दिवस असेल तर डोळे झाकून अक्षतेचा. सकाळी उत्तर कसब्यात यात्रेच्या मानकऱ्यांच्या हिरेहब्बू वाड्यापाशी या. पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांनी बांधायचा अंगरखा) माणसं, हलग्या, आणि तो एवढा उंच नंदीध्वज एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलून चाललेला. जवळून बघा त्याच्याकडे, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, नजर वर शेंड्याला आणि पाय अनवाणी. मधेच 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर झाला की आपसूक आपलाही आवाज निघतो.

पुढं सिद्धेश्वर तळ्याकाठी संमती कट्ट्यावर संमती वाचन होतं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकाच, आणि त्यात 'दिड्डम' म्हटलं की सगळीकडून अक्षता पडतात. पुण्याचा माझा एक मित्र आला होता, पठ्ठ्या एका हातानं मोबाईलवर शूटिंग करत बसला आणि दुसऱ्या हातातली अक्षता मुठीतच राहिली. शेजारची मावशी त्याच्यावर खेकसली, "टाक की रे बाळा, लग्न लागलं!" तेव्हा कुठे टाकली. व्हिडिओत नुसत्या लोकांच्या पाठी आल्यात.

आणखी एक दिवस काढता आला तर होमाची रात्र सोडू नका, त्या रात्री वासराची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत, असते. वासराला दिवसभर उपाशी ठेवून समोर धान्य, गूळ, भाज्या ठेवतात, ते मुतलं तर पाऊस चांगला, तोंड लावेल ती वस्तू महागणार. खरं-खोटं सोडा, पण आजूबाजूचे शेतकरी श्वास रोखून बघत असतात ते बघण्यासारखं असतं.

संक्रांत १४ला की १५ला यावर दिवस मागंपुढं होतात, तेव्हा त्या वर्षीचा कार्यक्रम बघूनच तिकीट काढा. रूमचे पैसे आधीच भरा आणि पावती घ्या, त्याच मित्राला एका लॉजवाल्यानं फोनवर एक रेट सांगितला आणि दारात आल्यावर डबल मागितला, शेवटी आमच्या हॉलमध्ये गादी टाकली. गाडी लांबच लावा, आत चालतच यावं लागतं.