हॅम रेडिओच्या (हौशी रेडिओच्या) वरच्या लायसन्सची परीक्षा देतोयस ना, मग एवढं कर

प्रश्नपेढी पाठ करायला बसू नकोस रे, पहिली परीक्षा तशी निघाली असेल पण इथे रिअ‍ॅक्टन्स (कॉइल-कपॅसिटरचा एसी करंटला होणारा विरोध), रेझोनन्स (त्या दोघांचा विरोध सारखा होऊन एकमेकांना खोडतो ती अवस्था), स्मिथ चार्ट (अशी गणितं मांडायचा गोल आलेख) असलं सगळं येतं आणि आकडे जरा बदलले की पाठांतर गळपटतं.

आधी डेसिबल (डीबी, म्हणजे पॉवर किती पट वाढली-घटली ते सांगणारं माप) पक्का कर, अगदी झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवा. ३ डीबी म्हणजे पॉवर दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट. १०० वॉटवरून २५ वॉटवर आलास की ६ डीबी कमी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस युनिट (सिग्नलच्या ताकदीचा मीटरवरचा एक टप्पा)! हे मला कळलं तेव्हा जाम आनंद झाला होता, कारण कमी पॉवरवरही लांबचं स्टेशन का लागतं ते तिथे उलगडतं.

मग कॉइल घे. १ मायक्रोहेन्री, १४ मेगाहर्ट्झ, कागदावर स्वतः मांड, रिअ‍ॅक्टन्स ८८ ओहमच्या आसपास येईल. आता तेवढाच रिअ‍ॅक्टन्स देणारा कपॅसिटर काढ, साधारण १२९ पिकोफॅरड, झालं रेझोनन्स. हे एकच गणित फ्रिक्वेन्सी बदलून बदलून वीसदा कर, कंटाळा येईल पण कर, त्यातून फिल्टर, ट्यूनर, अँटेना ट्रॅप सगळंच सुटत जातं.

नियमांचा भाग मात्र सरळ पाठच करावा लागतो, रोज थोडा थोडा वाच.

आणि अभ्यासापायी रेडिओ बंद ठेवू नकोस, एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली आहे त्याचं माप) वाचून जेवढा कळत नाही तेवढा डायपोलची (दोन सारख्या तारांच्या साध्या अँटेनाची) वायर स्वतः कापताना कळतो.