वाचकांचे प्रश्न : वीस डॉलरांवर जीव कोण टाकतो?

प्रश्न : ताई, 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) हा हॉलिवूडचा चित्रपट परवा पाहिला. सहा आठवड्यांच्या कामाचे माणशी वीस डॉलर, तेवढ्यावर सात बंदूकबाज मेक्सिकोतल्या एका गावाची राखण पत्करतात. पुढे गावकरीच फितूर होतात. दरोडेखोर काल्वेरा सातही जणांना पकडतो, गावाबाहेर घालवतो आणि बंदुकासुद्धा परत देतो. जीव वाचला होता, मग ते माघारी का फिरतात? मला तरी ही लेखकाने करून घेतलेली सोय वाटली. - एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचा प्रश्न आणि मरताना काल्वेराच्या ओठांवर असलेला प्रश्न एकच आहे. असल्या गावात, तुझ्यासारखा माणूस, परत आलास कशाला? यूल ब्रिनरचा ख्रिस, म्हणजे सातांचा म्होरक्या, काहीच बोलत नाही. हे दिग्दर्शक जॉन स्टर्जेसचं विसरणं नव्हे. उत्तर सुरुवातीलाच देऊन झालंय.

ती प्रेतगाडी आठवा. सरहद्दीजवळच्या एका अमेरिकी गावात एक आदिवासी म्हातारा मेलाय. टेकडीवरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत त्याला पुरू देणार नाही म्हणून काही जण अडून बसलेत. दफनाचे पैसे दिलेत ते एका वाटसरू विक्रेत्याने, पण गाडी हाकायला माणूस नाही. ख्रिस उठतो आणि लगाम हातात घेतो. स्टीव्ह मॅक्वीनचा व्हिन कुणाची तरी बंदूक मागून घेऊन शेजारी बसतो आणि भरण्याआधी काडतुसं कानापाशी धरून हलवून पाहतो. मेलेला दोघांच्याही ओळखीचा नाही. मजुरी तर शून्य.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो बाबांबरोबर, म्हापशात. बाबा पेडण्याकडे दशावतारात पखवाज वाजवायचे. गाडी टेकडीवर पोचली तसे ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हो मनीस आतां फाटीं सरचो ना." (हा माणूस आता मागे हटणार नाही.) तोवर गावकरी ख्रिसशी बोललेही नव्हते, वीस डॉलरांची गोष्टही निघाली नव्हती. रात्र-रात्र आख्यानं वाजवलेल्या माणसाला पात्राची पहिली 'एन्ट्री' वाचता येते. दशावतारात एक साधा बाक मांडतात, राजा त्यावर बसला की ते सिंहासन होतं आणि कोणी शंका काढत नाही. इथेही तसाच संकेत आहे: भाडोत्री माणूस आधी एकदा फुकट धोका पत्करताना दाखवायचा, म्हणजे पुढे तो मोबदल्यासाठी लढत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

या चित्रपटाचं मूळ म्हणजे अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४). त्यातला वयस्क सामुराई एका पोराला चोराच्या तावडीतून सोडवायला स्वतःचा केशसंभार उतरवून भिक्षू बनतो. सामुराईने शेंडी कापणं ही केवढी गोष्ट! आपल्या 'शोले'त (१९७५) जय आणि वीरू पळून जायची संधी सोडून जखमी ठाकूरला इस्पितळात नेतात, तेही नाणं उडवून. तिन्हीकडे अशा प्रसंगाची जागा एकच.

म्हणून वीस डॉलर कमी आहेत हेच बरोबर आहे. रक्कम मोठी असती तर तुम्ही म्हणाल तशी सोय झाली असती, कारण पैशासाठी आलेला माणूस सुटल्यावर घरी जातो. चार्ल्स ब्रॉन्सनचा बर्नार्डो भेटतो तेव्हा लाकडं फोडत असतो. एरवी त्याचा दर मोठा, पण सध्या वीस डॉलरही खूप आहेत असं तो सरळ कबूल करतो. त्या एका कबुलीत त्या काळच्या बंदूकबाजाची सगळी पडझड दिसते. गावात गाडलेलं सोनं असणार असं सातांपैकी एकट्या हॅरीला वाटतं. मरताना तो विचारतो आणि ख्रिस त्याच्या समाधानासाठी होय म्हणतो. मी अजूनही तिथे रडते.

आणि सातांतला ली पाहा. हात कापू लागलेला, झोपेत किंचाळून उठणारा. टेबलावरच्या तीन माश्या पकडायला जातो, हाती एकच लागते, आणि पूर्वी तिन्ही पकडल्या असत्या असं सांगतो. त्याचं परत फिरणं गावासाठी कमी, त्या माश्यांसाठी जास्त आहे असं मला वाटतं.

प्रश्न : अर्धा चित्रपट माणसं गोळा करण्यात जातो. कंटाळवाणं नाही का? - एक वाचक, वास्को

उत्तर : मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो. जेम्स कोबर्नचा ब्रिट टोपी डोळ्यांवर ओढून खांबाला टेकलेला असतो, एक आडदांड गडी त्याला डिवचत राहतो, आणि शेवटी चाकू पिस्तुलाच्या आधी पोचतो. ब्रिट नंतर फार बोलतच नाही, बोलायची गरजही उरत नाही. सातांपैकी चौघे शेवटी मरतात. त्यांची ओळख एकेका कृतीने पक्की झाली नसती तर कोण गेलं हेही कळलं नसतं. खरं घाईत उरकलंय ते सातांतल्या तरुण चिकोचं प्रेम. गावातली पेट्रा त्याला का आवडते हे पटवायला वेळच दिलेला नाही. तरीही अखेरीस तो कमरेचा पट्टा सोडून ठेवतो, बाह्या सरसावतो आणि तिच्याजवळ मक्याच्या कामाला बसतो, तेव्हा मी त्याच्यावरचा राग विसरते.