बाग गेली, आता देवाला काय म्हणू?

प्रश्न: ताई, निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, थॉम्पसन. छाटणी वेळेवर, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग झालं, औषधं उधारीवर आणली, मण्यात पाणी भरत आलेलं, व्यापारी भाव ठरवून इसार पण देऊन गेला. चार दिवसांनी रात्री वीस मिनिटं गारा पडल्या. सकाळी बघतो तर मणी चिखलात आणि वेलीवर राहिलेले तडकलेले. यांनी देवापुढं दिवा लावणंच सोडलंय, सासूबाई म्हणतात गेल्या वर्षी वारी चुकवली त्याचं हे फळ. मी दिवा लावते पण मनात काहीच येत नाही. देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?
– एक वाचक

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं बघू, तुम्हाला तेच जास्त टोचलंय असं वाटतं. गारा काय तुमचाच गट नंबर विचारून पडल्या का? शेजारच्या बागा पण झोडपल्या असतील, त्यात दरवर्षी पायी जाणारे माळकरी पण असतील. २०२० ला कोरोनात तर अख्ख्या महाराष्ट्राची वारी चुकली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी, मग विठोबाने काय सगळ्यांच्या नावावर दंड लिहून ठेवलाय? पण हे त्यांच्याशी वाद घालून सांगू नका, त्यांचीही बाग गेलीय, काहीतरी कारण सापडलं की म्हाताऱ्या माणसाला जरा झोप लागते.

आता तुमचा प्रश्न. तुकोबांचं घर खातंपितं, महाजनकी, दुकान, सावकारी सगळं होतं, १६३० च्या दुष्काळात सगळं धुऊन गेलं. एक बायको अन्न अन्न करत गेली हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. आपण कीर्तनात ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ ऐकतो आणि माना डोलावतो, पण ते सगळं सोसून झाल्यावर मागचं आठवून म्हटलेलं आहे हो, बायकोला पोचवून आल्या दिवशी नाही. आणि त्याच गाथेत हाच माणूस देवाला वाट्टेल ते बोललाय, माझ्या लेखी देव मेला इथपर्यंत. म्हणून तुमच्या घरच्यांनी दिवा बंद केला तर मला तरी तो नास्तिकपणा वाटत नाही, रुसवा वाटतो, आणि परक्यावर कोण रुसतं?

तुम्ही दिवा लावताय ना, मनात काही येत नसेल तर ओढून आणू नका. घरात अबोला असला तरी ताट वाढतोच की आपण. माझे वडील गेले त्या वर्षी आईने विठोबाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, जवळपास अकरा महिने, रोज फडक्याने पुसायची मात्र, पाठीमागूनच. एक दिवस सरळ केला, का ते आम्ही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणणारे आता घरी येतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि कागदाचं काम देवावर सोडू नका. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत तडकलेल्या घडांचे, खाली पडलेल्या मण्यांचे फोटो काढून ठेवा, फळपीक विम्यात गारपिटीचं घेतलं असेल तर लगेच कळवा, उशीर झाला की ते हात वर करतात. दुकानदाराला स्वतः जाऊन भेटा, त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.

एक मात्र मला खटकलं, तुमच्या यजमानांनी दिवा सोडला ते लिहिलंत, जेवण-झोपेचं काहीच लिहिलं नाहीत. रात्री जागे असतात का, बोलतात का, बागेत एकटेच जाऊन बसतात का? तसं असेल तर एकटं सोडू नका, टेलीमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, ते नाही म्हणाले तर तुम्हीच लावा.

आणि एप्रिलच्या खरड छाटणीचं, म्हणजे पुढच्या हंगामासाठी वेली परत छाटायचं, काय ठरतंय ते मला कळवा.