जुन्या सेलबोटवर रास्पबेरी पाय: प्लॉटर राहू द्या, पायला आधी पहाऱ्यावर बसवा

तुम्ही विचारलंय की सोलेंटमध्ये (इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळची सामुद्रधुनी) २८ फुटी जुनी सेलबोट घेतलीय, तिच्यावरचा जुनाट चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारी स्क्रीन) काढून रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक, पुढे नुसतं 'पाय') लावला तर चालेल का, आणि एआयएस (आसपासची जहाजं आपली जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) त्यावर दिसेल का. एआयएस छान दिसेल. पण प्लॉटर काढू नका. तो भर उन्हात वाचता येतो, शिंतोडे सोसतो, बटण दाबलं की लगेच उठतो, पायचं तसं नाही. पायचं खरं काम वेगळंय, बोटीवर तुमचं लक्ष नसतं तिथे लक्ष ठेवणं, आणि त्या कामाला त्याच्याइतकी स्वस्त आणि मनासारखी वाकवता येणारी गोष्ट दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी पॉवर. पाय बिघडला म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा वायरीत नाहीतर मेमरी कार्डात सापडतो, सॉफ्टवेअरचा नंबर बऱ्याच नंतर लागतो. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करायला सिगरेट सॉकेटमधला मोबाइल चार्जर वापरू नका, चांगला बक कन्व्हर्टर घ्या, इनपुट ९ ते ३६ व्होल्टवाला, आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका. स्टार्टर फिरला की इंजिन बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर धाडकन खाली जातं आणि पाय तिथेच रीबूट होतो, म्हणून त्याला दिवे वगैरे चालवणाऱ्या वेगळ्या बॅटरीवर (हाउस बॅटरी) ठेवा. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली मिळालं की स्क्रीनवर विजेची पिवळी खूण दिसते, ती एकदा जरी दिसली तरी आधी जाड आणि आखूड वायर टाका, मग बाकीचं बघा. स्क्रीनशिवाय पाय ४ साधारण ५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला १० अँपियर-अवर धरून चाला, छोट्या बॅटरीला हे कमी नाही.

कार्डाचं म्हणाल तर सतत नोंदी लिहून एसडी कार्ड मरतं, त्यामुळे यूएसबी एसएसडीवरून बूट करा आणि चालू सिस्टिमची एक कॉपी वेगळी ठेवा. पंख्याची केस नको, खारट दमट हवा आत ओढते, अॅल्युमिनियमची बंद केस बरी.

सॉफ्टवेअरला ओपनप्लॉटर घ्या, त्यात सिग्नल के (सगळ्या उपकरणांची माहिती एकत्र करणारा) आणि ओपनसीपीएन (नकाशा दाखवणारा) दोन्ही येतात. जुन्या प्लॉटरमधून एनएमईए ०१८३ (बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलतात ती जुनी डेटा-भाषा) निघत असेल तर ४८०० बॉडवर यूएसबी कन्व्हर्टरने सरळ आत घेता येतं. सिग्नल के आतून सगळं एसआय एककात ठेवतो, त्यामुळे पहिल्यांदा तापमान २९३ दिसलं की लोक घाबरून सेन्सर बदलतात, ते केल्विन आहे, म्हणजे जेमतेम २० अंश. दाब पास्कलमध्ये, कोन रेडियनमध्ये.

सेन्सरमध्ये माझा सगळ्यात लाडका म्हणजे तापमान मोजणारा डीएस१८बी२०, दोन-तीन पौंडांचा. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून पायला जोडायचा आणि एग्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी जिथे मिसळतं त्याच्या लगेच पुढे रबरी होजवर बाहेरून घट्ट बांधायचा. शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी इनटेकला चिकटली की होज झपाट्याने तापतो आणि इंजिनचा स्वतःचा अलार्म वाजायच्या आधी तुम्हाला कळतं, इंपेलर (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) वाचतो, कधी कधी इंजिनसुद्धा. मग हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० लावा. ३ तासांत दाब ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतरला तर ब्रिटिश हवामान खातं त्याला वेगाने उतरणं म्हणतं, तेवढ्यावर अलार्म ठेवा. बॅटरीचा शंट (किती करंट जातो-येतो ते मोजणारा) आणि बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतं तिथला, फ्लोट स्विच तर हवाच.

आता एआयएस. तुमच्याकडे याचा उपयोग खराच आहे, कारण सोलेंटमधल्या ब्रॅम्बल बँकेच्या उथळ वाळूला वळसा घालून मोठी कंटेनर जहाजं साउथहॅम्प्टनकडे वळतात, आणि तिथे १५० मीटरहून लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर, दोन्ही बाजूंना १०० मीटर मोकळं ठेवावं लागतं. जहाज कुठे वळतंय ते कोर्स आणि वेगावरून आधीच दिसतं. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ दोन्ही ऐकतं, तरी एआयएससाठीच बनवलेला रिसीव्हर जास्त लांबचं पकडतो. डोलकाठीवरचा व्हीएचएफ रेडिओचा अँटेना वाटून घ्यायचा असेल तर एआयएससाठीचा खास स्प्लिटरच घ्या, साधा टी जोड लावलात तर तुम्ही रेडिओवर बोलायला बटण दाबताच २५ वॅट सरळ रिसीव्हरमध्ये जातात आणि तो जळतो. आणि हे लक्षात असू द्या की या उपकरणाने तुम्हाला जहाजं दिसतात, जहाजांना तुम्ही दिसत नाही.

आणखी एक, स्वस्त कन्व्हर्टर आणि एचडीएमआय केबल व्हीएचएफमध्ये खरखर सोडतात. चॅनल १६ लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सेटिंग) अगदी कमी करा, पाय बंद-चालू करून ऐका, फरक जाणवला तर कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, केबलवर फेराइट (खरखर रोखणारा मणी) लावा. हे पाय पक्का बसवायच्या आधी करा, नंतर सगळं उचकटायला जीव नको होतो.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही, जीपीएस लागेपर्यंत वेळ चुकीची असते आणि नोंदी भलत्याच तारखेला पडतात, त्याला जीपीएसवरून वेळ घ्यायला सांगा.

ऑटोपायलट यातून चालवायचा विचार पहिल्या हंगामात तरी करू नका. सध्या फक्त बॅटरी आणि बॅरोमीटर जोडा, बोट मरिनात असतानाच आठवडाभर चालू ठेवा आणि आलेखात खंड पडतोय का बघा. पडला तर कन्व्हर्टरपासून पायपर्यंतची वायर आधी तपासा, आणि मीटरवर किती व्होल्ट येतात ते इथे टाका, पुढचं बघू.