एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नवीन आलेल्या सिस्टरला

अगं, मॉनिटरच्या आकड्यांकडे सगळेच बघतात. तू बाळाच्या पोटाकडेही बघत जा. तिथे लपलेला असतो एनईसी, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. यात आतड्याला सूज येते, काही भाग मरतो, कधी भोकही पडतं. बाळ सावरलंय, फीड वाढतंय, आईला हायसं वाटतंय, नेमक्या अशा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा आजार बऱ्याचदा गाठतो.

पोट तट्ट फुगून चकाकायला लागलं, पोटात घातलेल्या नळीतून हिरवं पित्त आलं, लंगोटात रक्ताची रेघ दिसली, किंवा बाळ नुसतंच मलूल होऊन श्वास घ्यायचं विसरायला लागलं, की पुढचं फीड थांबव आणि डॉक्टरांना बोलाव. राउंडची वाट बघू नकोस. ‘उगीच उठवलं’ असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. पुढे एक्स-रे, अँटिबायोटिक, पोट रिकामं ठेवणं. भोक पडलं तर सर्जन.

आणि आईचं दूध! चिकाचे चार थेंब आले तरी सिरिंजमध्ये जपून घे. डब्याच्या दुधापेक्षा त्यावर एनईसीचा धोका कमी असतो. आईला पुरेसं येत नसेल तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज्ड दूध विचार. मुंबईत सायन हॉस्पिटलला आशियातली पहिली अशी बँक १९८९ साली सुरू झाली. डबा त्यानंतर.